ठोके कुठे लागले

नववा महिना लागला तरी आमचं बाळ पोटात साहेबासारखं बसलेलं, बूड खाली आणि डोकं वर. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी गेल्या खेपेलाच बजावलं होतं, "पुढच्या तपासणीपर्यंत वळलं नाही, तर मोठ्या दवाखान्यात पाठवणार. पायाळू बाळाची जोखीम मी इथे घेणार नाही."

मोठा दवाखाना चांगलाच आहे हो, पण तिथे बाळंतपणाच्या खोलीत घरचं माणूस सोडत नाहीत. केंद्रात एकाला सोडतात. आणि मला आत सासूबाई हव्या होत्या. हसू नका! आमचं दिवसातून दोनदा वाजतं, हे खरं. पण मला आई नाही, आणि आमचे हे नुसती सुई बघून आडवे होतात. शिवाय सासूबाई एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाल्या होत्या, "मी दोन्ही वेळेला एकटीच होते. धरायला पलंगाचा गज तेवढा होता." तेव्हापासून मी ठरवूनच टाकलं होतं.

तपासणीच्या दिवशी मात्र आमचं बोलणं बंद. आदल्या रात्री माझ्या पोटात जे काही ढवळून निघालं, त्याचं खापर मी त्यांच्या कोबीवर फोडलं होतं. त्या फणकाऱ्याने पुढे चालत होत्या आणि मी मागून डुलत डुलत.

सिस्टरनी पोटावर थंडगार जेल लावलं आणि ठोके ऐकायचं यंत्र बेंबीच्या वर, नेहमीच्या जागी ठेवलं. खरखर. थोडं डावीकडे. खरखर. उजवीकडे. काहीच नाही. एरवी अखंड बडबडणाऱ्या सिस्टर गप्प झाल्या. सासूबाई रुसवाबिसवा विसरून उठल्या आणि त्यांनी माझा हात असा आवळला की त्यांची अंगठी रुतली.

"अहो सिस्टर, बोला ना काहीतरी!"

"थांबा हो मावशी."

सिस्टरनी दोन्ही हातांनी पोट वरून चाचपलं, मग खालून. त्यांच्या भुवया वर गेल्या. यंत्र झटकन बेंबीच्या खाली आलं आणि खोलीभर धडधड सुरू झाली. काय ती धडधड! शिलाई मशीन भरधाव सोडावं तशी.

"अगं, वळलंय की!" सिस्टर ओरडल्याच. "मी खुळी जुन्या पत्त्यावर शोधतेय, आणि हे बिऱ्हाड हलवून मोकळं!"

"मग काल रात्री..."

"कोलांटी मारली त्यानं, दुसरं काय!"

"म्हणजे कोबी नव्हता," सासूबाई ताबडतोब म्हणाल्या. "ऐकलंस ना?"

मी एकाच वेळी हसत होते आणि रडत होते, पोट गदागदा हलत होतं, आणि सिस्टर ओरडत होत्या, "हलू नकोस!" इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. आमच्या ह्यांना सांगू नका.

"म्हणजे इथेच?" मी विचारलं.

"असंच राहिलं तर इथेच. आत कोण येणार, ते ठरवून ठेवा."

सासूबाईंनी माझा हात सोडला. "सांगते मी लेकाला. मन घट्ट कर म्हणावं."

"त्यांना कशाला? तुम्ही यायचंय."

"मी? अगं, तिथेही भांडण होईल आपलं."

"होऊ दे. पण तुम्हीच हव्यात मला."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि सिस्टरकडे वळून हळूच विचारलं, "उभं कुठे राहायचं असतं हो? मला काहीच माहीत नाही."