ढोलीमागचा सोमाजी

डॉ. रिना मेश्राम म्हणजे म्हातारपण आणि स्मरणशक्ती या विषयातलं मोठं नाव. दर हिवाळ्यात त्या नागपूरहून आमच्या पोंभुर्ण्याकडच्या गावात यायच्या, शकुबाईच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, खुर्ची मांडायच्या आणि सत्तरी गाठलेल्या एकेकाला बसवून पाच शब्द सांगायच्या. आंबा, घंटा, बैल, नदी, चावी. मग धानाच्या, नातवंडांच्या गप्पा. मग प्रश्न, "सांगा आता, कोणते शब्द होते?"

जगभरची म्हातारी माणसं दोन-तीन शब्दांवर अडकतात म्हणे. आमची अडकत नसत. उलट वय वाढेल तशी सुधारत. शकुबाईला चुलीवरचं दूध आठवत नसे, पण पाच शब्द खडाखडा. फक्त अलीकडे पाचव्या शब्दाच्या जागी झाडून सगळे म्हणत, "थांब, नराधमा!" डॉक्टरबाईंनी त्यालाही 'सामूहिक स्मृती' असं नाव दिलं, परदेशात जाऊन त्यावर भाषण केलं आणि प्रोफेसर झाल्या.

यंदा त्यांचं निवृत्तीचं वर्ष. जन्मभराच्या अभ्यासाचं पुस्तक निघायचं होतं. ते छापावं की नाही हे ठरवायला दिल्लीचे एक साहेब स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आले होते. बाईंनी नवी साडी नेसली होती.

पहिली शकुबाई. प्रश्न आला तशी तिने धानाच्या ढोलीकडे, त्या पुरुषभर उंच कणगीकडे, मान वळवली. पुन्हा बघितलं.

"आठवत नाही का, बाई?"

"मले काऊन विचारतेस? सोमाजीभाऊ कुठी हाय आज ढोलीमागं?"

"ढोलीमागे कशाला?"

"सांगाले!"

विहिरीवर दोर कशाला लागतो असं कोणी विचारावं, तसे सगळे डॉक्टरबाईंकडे बघायला लागले.

आमच्या झाडीपट्टीत धान निघालं की नाटकं लागतात. नट आज या गावात, उद्या त्या गावात. पाठांतराला फुरसत कोणाला? मंचासमोर खाली प्रॉम्प्टर बसतो. तो कुजबुजतो, नट गरजतो. सोमाजीने सारी उमर हेच केलं. एक बाई खुर्ची मांडते, माणसं जमवते आणि ठरलेले शब्द म्हणायला लावते, हे पाहून तो आपणहून ढोलीमागे जाऊन बसायला लागला होता. लपवलं कोणीच नव्हतं. बाईंनी विचारलं नव्हतं. ती कुजबुज त्या उंदीर समजत आल्या होत्या. अलीकडे पाचवा शब्द सोमाजीच्या ध्यानात राहत नसे, म्हणून तो त्या जागी नाटकातलं एक जोरदार वाक्य घालायचा.

डॉक्टरबाई नव्या साडीसकट सारवणावर बसल्या. साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"आज कुठे आहेत ते?"

"हा काय, नंबर लावून बसला हाय. सत्तर भरले ना त्याले!"

साहेबांनी टोपण काढलं. "यांची चाचणी तरी खरी होईल. बघू, यावरूनच ठरवू."

सोमाजी खुर्चीत बसला. टोपी सारखी केली. शब्द ऐकले, धानावर बोलला. मग प्रश्न आला. त्याने ढोलीकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घालणाऱ्या माणसाचे ओठ नुसतेच हलायला लागले.

"बाई," तो हळूच म्हणाला, "मले कोन सांगन?"

डॉक्टरबाईंनी साहेबांकडे बघितलं. साहेबांच्या हातातल्या पेनाकडे बघितलं. मग पदर खोचून उठल्या आणि ढोलीमागे गेल्या.

"आंबा," ढोलीमागून आवाज आला.

"आंबा!" सोमाजी गरजला.

घंटा झाली. बैल झाला. नदी तर त्याने हात पसरून सांगितली. मग चावी आली. ती सोमाजीने नीट ऐकली, मान हलवली, उभा राहिला आणि छाती फुगवून म्हणाला, "थांब, नराधमा!"

सपरीत टाळ्या पडल्या. साहेब पिशवी उचलून जीपकडे गेले.

"पुस्तक गेलं का वं तुहं?" शकुबाईने ढोलीला विचारलं.

"गेलं, बाई."

"जाऊ दे. आवाज बारीक हाय तुहा, पन साफ हाय. सोमाजीले आता नाटकाची पानं दिसत नाई. पौषात आपल्या गावात नाटक हाय. बसतेस का?"

ढोलीमागून डॉक्टरबाईंचं डोकं वर आलं, केसांत धानाचा भुसा.

"तालमीला कधी यायचं?"

"तालीम?" सोमाजी दचकला. "तालीम कोन करते?"