इंद्रायणीचं तोंड

“आत्याबाई, खाजेची ट्यूब तुरीच्या डाळीत कशी काय आली?”

वर्षाराणीने डब्यातून हात बाहेर काढला, तेव्हा तिच्या बोटांत पिळून चपटी झालेली एक ट्यूब होती. चुलीपुढे बसलेली तिची सासू इंद्रायणी घाईने उठली. तिने ट्यूब हिसकावून घेतली आणि कमरेला खोचली.

“असंल कवाची तरी. तू डाळ काढ.”

“कवाची न्हाई, ताजी हाये. टोपण अजून ओलं हाये.”

या गडबडीत इंद्रायणीचा पदर मागे सरकला होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून वर्षाराणीने सासूचा चेहरा असा उजेडात पाहिलाच नव्हता. पदर कायम भुवयांपर्यंत ओढलेला असायचा. आज तिला दिसलं. गाल लालसर होते. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती, आतल्या बारीक शिरा वर आल्या होत्या आणि हनुवटीवर लव उगवली होती.

“आत्याबाई, तुमी हे तोंडाला लावता?”

इंद्रायणीने घागर उचलली आणि ती पाण्याला निघून गेली. घरात पाणी भरलेलं होतं.

केदारखेड्याच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी बाई, एवढीच तिची गावात ओळख. नवरा गेला तेव्हा पोरगा धर्मराज शाळेत होता. त्यानंतर वर्षाच्या आत तिच्या दोन्ही गालांवर वांग उठले, काळपट, पसरत जाणारे. विधवेच्या चेहऱ्याकडे कोण बघतं? पण ती स्वतः बघायची, पाण्यात, ताटाच्या पाठीवर. एका बाजाराच्या दिवशी भोकरदनला औषधाच्या दुकानात तिने धीर करून विचारलं होतं, “वांगावर काही हाये का? शेजारणीला पाहिजे.” दुकानदाराने न बघताच ट्यूब पुढे सरकवली. महिन्याभरात चेहरा उजळला. तिला इतका आनंद झाला होता, आणि तो सांगायला माणूस नव्हतं. पुढे मात्र दोन दिवस ट्यूब चुकली की तोंडाची आग व्हायची. मग पुन्हा लावायची. अशी वर्षं गेली.

वर्षाराणीने तो विषय लगेच काढला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती सासूशेजारी शेंगा फोडत बसली आणि सहज म्हणाली, “आमच्या दुकानात लई बाया यायच्या ह्या ट्यूबपायी. सगळ्या शेजारणीसाठीच इचारायच्या.”

इंद्रायणीला हसू फुटलं. तोंडाला पदर लावून ती बराच वेळ हसत राहिली.

लग्नाआधी वर्षाराणी नवीन जालन्यात सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. कोरियाच्या बाटल्या दुकानात यायला लागल्या तेव्हा कंपनीच्या बाईंनी पोरींना सगळं शिकवलं होतं. तिकडच्या मालिकाही ती हिंदीतून बघायची. सासरी येताना तिने आणलेल्या बारक्या बाटल्यांना गल्लीने ‘कोरियाचा दवाखाना’ असं नाव ठेवलं होतं.

“ह्याच्यात स्टेरॉइड असतंय, आत्याबाई. पयले उजळ दिसतंय, मंग कातडीच खातंय. डॉक्टरला दाखवू.”

“काय सांगू डॉक्टरला? घरात सून आली अन् रांडमुंड बाई तोंड गोरं करून राह्यली? न्हाई. अन् तू बी कोणाला सांगायचं न्हाई. धर्मालासुद्धा न्हाई. शपथ घे.”

वर्षाराणीने शपथ घेतली. इंद्रायणीने त्याच दिवशी ट्यूब लावायची सोडली, पण कोणाच्या हाती लागू नये म्हणून कमरेलाच ठेवली.

मग सून तिला शिकवू लागली. कपड्याचा साबण तोंडाला लावायचा नाही. पदराने खसाखसा पुसायचं नाही. मऊ फडक्याने नुसतं टिपायचं. ओल असतानाच मलम लावायचं. शाळेत जाताना उन्हाचं मलम रोज लावायचं, आभाळ असलं तरी. “तिकडच्या बाया गोरं व्हायच्या मागं न्हाई लागत, कातडी धड ठेवायच्या मागं असतात. अन् जल्दी करायची न्हाई. बिलकुल न्हाई.”

पहिल्यांदा वर्षाराणीने स्वतःच्या बोटांनी तिच्या गालाला मलम लावलं, तेव्हा इंद्रायणी ताठ झाली. तिच्या गालाला कोणाचा हात लागून किती काळ लोटला होता, ते तिलाच आठवेना. तिने डोळे मिटून घेतले.

पण आठवडा उलटला नाही तोच चेहरा पेटला. गाल सुजले, डोळे बारीक झाले, कातडीतून लस येऊ लागली. शाळेतल्या गुरुजींनी “बाई, बरं वाटेपर्यंत घरी ऱ्हावा,” म्हणून परत पाठवलं. थोरली जाऊ सत्यशीला बघायला आली, मोठ्याने रडली आणि तशीच गल्लीभर फिरली. संध्याकाळपर्यंत गावात एकच गोष्ट होती. सुनेनं सासूचं तोंड जाळलं.

रविवारी सकाळी सत्यशीलाचे यजमान, इंद्रायणीचे थोरले भाया रखमाजी येऊन ओट्यावर बसले. सत्यशीला खांबाला टेकून उभी होती. धर्मराजने बायकोच्या सगळ्या बाटल्या घमेल्यात भरून अंगणात आणून ठेवल्या होत्या. बियाणे कंपनीच्या गोदामात तो दिवसभर पोती मोजायचा. कोणावर आवाज चढवायची त्याला सवय नव्हती, म्हणून तो जास्तच ओरडत होता.

“काय लावलं तू आईला? बोलत काऊन न्हाईस?”

वर्षाराणी दारात उभी होती. तिने एकदा आत अंधाराकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“पोरी, बापाला फोन लाव,” रखमाजी म्हणाले. “म्हणावं, घेऊन जा. आमच्या घरच्या बाईच्या तोंडाशी खेळ मांडलास तू.”

आत बाजेवर पडलेल्या इंद्रायणीला शब्दन् शब्द ऐकू येत होता. ती वाट बघत होती की सून आता सांगेल. आता तरी सांगेल. फोनचे आकडे दाबल्याचा आवाज आला.

इंद्रायणी उठली. भायासमोर ती कधी उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली नव्हती. आज बाहेर आली, आणि डोक्यावर पदर नव्हता. सुजलेलं, लाल, ओलं तोंड तिने तसंच उन्हात धरलं. सुनेच्या हातातून फोन घेऊन बंद केला, कमरेची ट्यूब काढली आणि रखमाजींच्या पुढ्यात ठेवली.

“हे लावलं. हिनं न्हाई, मी लावलं. धर्माचा बाप गेल्यापासून लावून राह्यले. पोरगी तर सोडवून राह्यली मला. मीच तिला शपथ घातल्ती, म्हणून ती गप हाये.”

रखमाजी ट्यूबकडे बघत राहिले. “पण कशापायी? तुला काय गरज व्हती तोंडाची?”

“वांग आल्ते, दादा. मला ते बरे दिसत नव्हते.”

रखमाजी थांबले, की पुढे काही येईल. काही आलं नाही, तेव्हा त्यांनी पायात वहाणा सरकवल्या.

“धर्मा,” इंद्रायणी म्हणाली, “त्या बाटल्या बराबर जागेवर ठेव. अन् गाडी काढ. जालन्याला जायचंय, कातडीच्या डॉक्टरकडं. वर्षालाबी घे.”

तिघंही एकाच मोटारसायकलवर गेली. डॉक्टरांनी ट्यूब उलटीसुलटी करून पाहिली. सोडली ते बरं केलं, पण अशी एकाएकी सोडायला नको होती, त्यानंच तोंड पेटलं, असं म्हणाले. गोळ्या दिल्या. वर्षाराणीची मलमं पाहून “ही चालू द्या” म्हणाले, आणि तिच्याकडे बोट करून, “पुढच्या वेळी आधी इकडं यायचं.” ती म्हणाली, “हो सर.” परतीच्या वाटेवर धर्मराजने रसवंतीपाशी गाडी थांबवली आणि पहिला पेला बायकोच्या हातात दिला.

चेहरा शांत व्हायला हिवाळा निघून गेला. वांग परतले, फिकट, मातकट. इंद्रायणी गोरी झाली नाही. पण कातडी भरली, आग थांबली, आणि गालांवर नव्या माठासारखी गार तकाकी आली. खिचडी वाढताना एक पोरगी म्हणाली, “मावशी, तुमचं तोंड चमकून राह्यलं.”

“हो,” ती म्हणाली. “मलाबी दिसून राह्यलंय.”

मग दुपारच्या वेळी मागच्या दाराने बाया येऊ लागल्या. पदराखाली ट्यूब, आणि सगळ्या शेजारणीसाठी विचारायच्या. सासू-सुना त्यांना बसवून घ्यायच्या, हसायच्या नाहीत. आधी डॉक्टरचा पत्ता द्यायच्या, मग बाकीचं सांगायच्या.

फाल्गुनात सत्यशीला आली. ती नुसतीच उभी राहिली. इंद्रायणीने तिच्या गालाकडे पाहिलं आणि पाट सरकवला.

“किती वर्सं झाली, जाऊबाई?”

“तुझ्या आधीपासून,” सत्यशीला म्हणाली आणि रडू लागली. या वेळी आवाज नव्हता. “ह्यांना ठाव न्हाई. गावभर तुझं सांगत फिरले मी, अन् माझ्याच घरात...”

“ऱ्हाऊ द्या. उद्या सकाळच्या गाडीनं जालन्याला जाऊ. मी संग येते.”

“लाल व्हईल का तुझ्यासारखं?”

“डॉक्टर हळूहळू सोडवतील. थोडं व्हईल. लोक बोलतील, मंग गप बसतील.”

सकाळी दोघी जावा फाट्यावर उभ्या राहिल्या. समोरच्या हॉटेलात गावातली माणसं चहा पीत बसली होती, त्यांत रखमाजीही होते. बायकोला असं उभं पाहून त्यांच्या हातातली बशी थांबली. सत्यशीलाचा हात पदराकडे गेला. इंद्रायणीने तो मनगटाशी धरला आणि खाली आणला. दोघींची तोंडं तशीच उघडी राहिली, समोरून येणाऱ्या कोवळ्या उन्हात.

भोकरदनकडून गाडी येताना दिसली. ती भरलेली होती. अशी गाडी फाट्यावर थांबत नसे. रखमाजींनी बशी खाली ठेवली, कोणाकडे न बघता रस्त्याच्या मधोमध आले, आणि गाडीला हात केला.