दादांचे हात

मेकअपवालीने चिमट्याने पहिला केस उचलून आत्याच्या मनगटावर टेकवला, तशी आत्याने हात मागे ओढला.

"हे काय?"

"केस. हलू नका, डिंक ओला आहे अजून."

"केस आहेत ते दिसतंय मला. माझ्या हाताला कशाला?"

मेकअपवाली गोंधळली. तिच्यापुढच्या डबीत काळ्या केसांचा पुंजका होता, न्हाणीच्या जाळीत अडकतो तसा, आणि डिंकाला शिळ्या औषधासारखा वास येत होता. आत्याच्या हातांवर मघाशीच जाड पिवळट लेप चढला होता. सुरकुत्या, शिरा, अंगठ्यावरचा पात्याचा जुना व्रण, सगळं त्याखाली गेलं होतं.

"पुरुषाचे हात हवेत ना," ती म्हणाली. "दादांचे. तरुणपणीचे. तुम्हाला सांगितलं नाही का कुणी?"

सांगितलं नव्हतं. भाच्याने, दादाच्या मुलाने, फोनवर एवढंच म्हटलं होतं, 'आत्या, कंपनीचा इतिहास करतोय, पडद्यावर. संकलनाच्या प्रसंगाला तुझे हात हवेत. तुझ्याशिवाय आहे कोण?' आत्याला ते खरं वाटलं होतं. काल तिने नखं कापली, हातांना तेल चोळलं, शेजारणीला दोनदा सांगितलं. इतक्या वर्षांनी आपले हात पडद्यावर येणार म्हणून म्हातारीला झोप लागली नव्हती. आता तिला स्वतःचीच शिसारी आली.

कंपनी भावाबहिणीची होती. टायरच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत दोघांनी ती काढली, तेव्हा वर यायला लोखंडी जिना होता आणि घशात बारा महिने जळक्या रबराचा वास. दादा चित्रण करून आणायचा आणि आत्या कापायची. म्हणजे त्याने ढिगाने आणलेल्या फितीतून नको ते काढून हवं ते जोडायचं, की त्याचा सिनेमा व्हायचा. त्यांच्या पहिल्याच सिनेमातला एक कट लोकांनी डोक्यावर घेतला. घर सोडून निघालेली बाई दारात उभी आहे, आता ती मागे वळून बघणार, आणि त्याच्या नेमकं क्षणभर आधी दृश्य तुटतं. बाईचा चेहरा दिसतच नाही. त्या एका कटावर लोकांनी लेख लिहिले, दादाला व्याख्यानांना बोलावलं.

सिनेमाच्या सुरुवातीच्या नावांच्या पाट्या रंगवायची वेळ आली तेव्हा दादा म्हणाला होता, "घरचीच दोन नावं दिसली तर लोक हसतील गं. घरगुती कारखाना म्हणतील. या वेळी माझंच टाकू, पुढच्या वेळी तुझं." ती हो म्हणाली. पुढची वेळ आलीच नाही. सिनेमे आले, पुढची वेळ मात्र आली नाही.

"लावू का?" मेकअपवालीने विचारलं. "की मी साहेबांना बोलावू?"

साहेब म्हणजे भाचा. त्याला बोलवावं लागलं नाही, तो स्वतःच आला. सगळ्या युनिटने घातला होता तोच काळा टी-शर्ट त्याच्या अंगात होता. छातीवर पांढऱ्या अक्षरांत छापलं होतं, 'इथे खोटं चालत नाही'. हे दादाचं जुनं वाक्य. अलीकडे कंपनी संडास धुवायच्या औषधाच्या जाहिराती करायची, आणि त्या डब्यांच्या खोक्यांवरही हेच वाक्य चिकटवलेलं आत्याने पाहिलं होतं.

"आत्या, फुगू नकोस गं," भाचा खाली बसत म्हणाला. "बाबांचं काम करणारा नट फार गुणी आहे, पण त्याला ते यंत्र जमत नाही. सकाळपासून फिल्म चावून ठेवली त्याने. तुझ्या तर डाव्या हातचा मळ आहे. दोन मिनिटांचं काम."

"मग मला माझे हात म्हणून दाखव."

"तसा प्रसंगच नाही ना. तुझा प्रसंग वेगळा आहे की. तू चहा घेऊन येतेस, बाबा तुला पहिल्यांदा तो कट दाखवतात, आणि तुझे डोळे भरून येतात. फार छान झालाय तो. तुझं काम करणारी मुलगी काय रडली आहे!"

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. हे पोर तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं, फितीचे तुकडे चघळू नये म्हणून याच्या तोंडात बोट घालून घालून तुकडे काढले होते. तेव्हाही त्याला जे दिसेल ते तोंडात घालायची सवय होती.

"दादाला माहीत आहे?" तिने विचारलं.

"त्यांनीच तर सांगितलं. मुलाखतीत."

ती मुलाखत आत्याने आल्याआल्या पाहिली होती. दादा खुर्चीत रेलून, डोळे मिटून, शांतपणे सांगत होता. 'मला तेव्हाच कळलं, हिने वळता कामा नये. माझा हात आपोआप पात्यावर गेला.' तो मुद्दाम खोटं बोलत असता तर आत्याने चार शब्द सुनावले असते आणि मोकळी झाली असती. पण दादा खोटं बोलत नव्हता. इतक्या वर्षांत, इतक्या लोकांना सांगून सांगून, तो कट खरोखरच त्याच्या हातून झाला होता. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं, आणि तेच आत्याला सर्वांत ओंगळ वाटलं.

तिला हार नको होता, शाल नको होती, मानधनाचं पाकीट तर तिने फाटकातच परत केलं होतं. तिला एवढंच हवं होतं की दादाने एकदा, दोघांपैकी कुणी जायच्या आत, चार लोकांसमोर म्हणावं, हे हिने कापलं. बंद खोलीत नव्हे. बंद खोलीत तो पूर्वी म्हणायचा, आणि मग तेही म्हणेनासा झाला.

ती उठून गेली असती. पण काचेपलीकडे दादा दिसला. मॉनिटरसमोरच्या खुर्चीत, गुडघ्यांवर शाल, गळ्याशी छोटा माइक. तोही इतिहासाचा भाग असल्यामुळे त्याचं खोकणंसुद्धा टिपून ठेवत होते. तिने लेप लावलेला हात वर करून त्याला दाखवला. बघ म्हणावं, तुझी माणसं माझं काय करतायत.

दादाने हसून हात हलवला.

"लाव," आत्या मेकअपवालीला म्हणाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सेटवर टायरच्या दुकानावरची खोली उभी केली होती. ओल आलेली भिंत, खिळ्याला लटकणाऱ्या फिती, खिडकीची तुटकी कडी. एक माणूस पिचकारीतून धूळ उडवत फिरत होता. त्या खोलीत धूळ कधीच नव्हती. फितीला कण लागू नये म्हणून आत्या रोज ओल्या फडक्याने जमीन पुसायची आणि दादाला चपला जिन्यात काढायला लावायची. खोटी धूळ तिच्या नाकातोंडात गेली आणि जिभेवर पिठूळ चव आली. तिने रुमालात थुंकलं.

टेबल मात्र खरं होतं. फीत फिरवायच्या दोन थाळ्या, मध्ये छोटा पडदा, बाजूला फीत कापायचं यंत्र. कुणीतरी त्या बाईच्या दृश्याची नवी प्रत काढून थाळीवर चढवली होती. आत्या पुरुषी शर्टाच्या बाह्या सावरत बसली. यंत्र उजवीकडे होतं. तिने ते उचलून डावीकडे ठेवलं, मेणाची पेन्सिलही डावीकडे घेतली.

"थांबा, थांबा," कंटिन्युइटीवाली पुढे आली. दोन शॉट एकमेकांना जुळतात की नाही, हे बघणं तिचं काम. "नटाने लांबच्या शॉटमध्ये सगळं उजव्या हाताने केलंय."

"मी डावखुरी आहे," आत्या म्हणाली.

"पण दादा नाहीत ना."

"नाहीत."

भाच्याने कपाळ चोळलं. "आत्या, एकदा उजव्याने करून बघ ना."

तिने करून पाहिलं. फीत तिरकी कापली गेली, चिकटपट्टी बोटाला चिकटली, मनगटावरचे दोन केस सुटून फितीवर पडले. आयुष्यभर जिने फितीवर श्वास पडू दिला नाही, तिच्या हातचे केस फितीवर, आणि तेही दुसऱ्याचे.

"राहू दे, डाव्यानेच कर," भाचा म्हणाला. "नंतर चित्र उलटं फिरवू. डावा दिसेल उजवा."

"मग छोट्या पडद्यावरची बाईपण उलटी होईल," कॅमेरामन म्हणाला. "सिनेमात दार उजवीकडे आहे."

"कोण बघतंय!"

आत्याने मान वर केली. त्या दारातल्या बाईसाठी ती आणि दादा एका उन्हाळ्यात बोलेनासे झाले होते. एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून, तिने कापावं की त्याने सांगावं यावरून. आणि आता कोण बघतंय. तिच्या मनात आलं, टायरचं दुकान टाकलं असतं तर बरं झालं असतं, निदान टायर गोल तरी असायला लागतो.

"सगळे शांत," भाचा ओरडला. "कॅमेरा."

आत्याने कळ फिरवली. थाळ्या फिरू लागल्या, तसा तो आवाज आला, दुधाच्या पातेल्यात पळी फिरावी तसा एकसुरी, आणि हातांना सगळं आपोआप आठवलं. डावा हात फितीवर, उजवा कळेवर. छोट्या पडद्यावर बाई पिशवी उचलते. अंगण ओलांडते. दाराशी येते. आत्याने वेग कमी केला. केस, लेप, टी-शर्ट, धूळ, सगळं बाजूला पडलं. बाई उंबऱ्यात थांबली. तिच्या मानेत आता ती बारीकशी हालचाल येणार होती. आत्याने फीत थांबवली आणि पेन्सिल उचलली.

"थांब गं, थांब."

आवाज मॉनिटरकडून आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. दादा खुर्चीतून पुढे झुकला होता, नाक पडद्याला लागेल इतका. त्याला सेट दिसत नव्हता, माणसं दिसत नव्हती. त्याच्या समोर फक्त फीत होती आणि डाव्या बाजूने येणारा हात.

"एवढी घाई कसली तुला?" तो म्हणाला. "तिला वळू दे की. मी तिचा चेहरा घेतलाय तो काय टाकून द्यायला? वळू दे, रडू दे, मग काप."

साउंडवाल्याने कानांवरचा हेडफोन हाताने घट्ट दाबला. कॅमेरामनने भाच्याकडे पाहिलं, पण कॅमेरा बंद केला नाही.

"बाबा," भाचा दबक्या आवाजात म्हणाला. "शॉट चालू आहे."

आत्याने वर पाहिलं नाही. फितीवर खूण केली, फीत उचलून यंत्रात ठेवली.

"नाही, दादा," ती म्हणाली. "इथेच."

आणि तिने पातं खाली दाबलं.

"बघा!" दादा हसत सगळ्यांकडे वळला, जुनं गाऱ्हाणं सांगावं तसा. "ही कधी ऐकते का माझं? त्या वेळीही नाही ऐकलं. महिनाभर भांडलो मी हिच्याशी, की अगं चेहरा दाखव, चेहरा दाखव."

तो हसत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की बाकी कुणी हसत नाही. त्याने मुलाकडे पाहिलं. मुलगा आपल्या टी-शर्टावरची अक्षरं झाकावीत तसे हात बांधून उभा होता. दादाचा चेहरा हळूहळू बदलला. तो शाल सावरत उठला, जमिनीवरच्या वायरी चाचपत ओलांडत आला, आणि त्या खोट्या खोलीत, आत्याच्या डाव्या खांद्यामागे येऊन उभा राहिला. पूर्वी तो तिथेच उभा राहायचा.

"साउंड," भाच्याने विचारलं, "बाबांचा हा आवाज नंतर काढून टाकता येईल ना?"

साउंडवाल्याने ऐकू न आल्यासारखं केलं.

दादाने फितीवरचा तो कट पाहिला. मग पूर्वी कट जमला की करायचा तसा तो वाकला आणि तिचा डावा हात त्याने हातात घेतला. घेतला आणि लगेच सोडला. बोटांना डिंक लागला होता, काळे केस चिकटले होते. त्याने तोंड वाकडं केलं.

"शी!" तो म्हणाला. "हे काय गं किळसवाणं लावलंस हाताला?"

आत्याने कापलेल्या फितीची दोन टोकं जुळवून चिकटपट्टी बसवली आणि अंगठ्याने नीट दाबली.

"तुझे केस आहेत, दादा," ती म्हणाली.