उलटा जाणारा आकडा

वारासिवनीच्या अलीकडे एका राइस मिलमध्ये रीना मेश्राम मीटर बसवायला गेली होती. बकेटींनी धान वर नेणाऱ्या एलिवेटरचा पट्टा सारखा घसरत होता, म्हणून मालकाने तिला बालाघाटहून बोलावलं. एलिवेटरच्या तळाशी खड्ड्यातल्या शाफ्टच्या टोकाला तिने एन्कोडर लावला. मुठीएवढी डबी, शाफ्ट किती वेगाने फिरतोय आणि आत्ता कुठल्या कोनात उभा आहे, ते वर पडद्यावर दाखवणारी.

सकाळभर सगळं ठीक चाललं. जेवणाच्या सुट्टीत मिल बंद झाली. रीनाने जेवायला डबा उघडला, तर पडद्यावर कोनाचा आकडा मागे सरकत होता. मध्येच थांबायचा, मग जोर लावल्यासारखा पुन्हा सरकायचा.

तिने केबल बदलली, अर्थिंग तपासलं, दुसरा एन्कोडर लावला. दुसऱ्या दिवशी सुट्टीत तेच. शेवटी तिने शाफ्टवर खडूची रेघ मारली. रेघ जागची हलली नाही. आकडा मात्र मागे मागे जात राहिला.

"खेमराजभाऊ, हे पाहा बरं," तिने फोरमनला बोलावलं. "मशीन तर बंद हाय न?"

खेमराज पडद्याकडे पाहत राहिला. मग दुपट्ट्याने तोंड पुसून म्हणाला, "महागू हाय तो."

"कोण महागू?"

"मागच्या सीझनले खाली सफाई करून राह्यला होता. सुट्टीच होती. तो खाली हाय हे कोणाले मालूम नव्हतं, बटन दाबलं गेलं. बकेटीत अडकला. आमी लगेच बंद केली, पण तो खालून पट्टा उलटा ढकलत होता, मॅडम. थोडा ढकले, थांबे, पुन्हा ढकले. आमी पोहोचलो तवा..."

मालकाने ऐकलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मीटर निकाल दो. लेबर भाग जाएगी."

रीनाने मीटर काढलं नाही. मशीनचा फ्यूज काढून खिशात टाकला आणि खड्ड्यात उतरली. दोन्ही हातांनी शाफ्ट धरला. थंड, निश्चल.

"मॅडम, आकडा थांबला!" वरून खेमराज ओरडला.

तिने हात सोडले.

"पुन्हा सरकून राह्यला."

संध्याकाळी ती लालबर्ऱ्याकडच्या गावात महागूच्या बायकोकडे गेली. रुख्माबाईने सगळं शांतपणे ऐकलं. "थे अजून तेथंच हायेत?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत रुख्माबाई खड्ड्याच्या तोंडाशी बसली. आकडा मागे जात होता. ती आत वाकून बोलली, "प्रेमलालचे बाबा, या वर. मशीन बंद हाय. मी हाव न येथं. या आता."

आकडा एकदम कधी नव्हे इतका मागे गेला आणि थांबला.

"निघाले का, बाई?"

"हौ, मावशी," रीना म्हणाली.

त्यानंतर तिथला आकडा हलला नाही. मालकाने खड्ड्याशी कुलपाचा स्विच बसवला. जो उतरेल त्याच्याच खिशात किल्ली.

पुढच्या महिन्यात रीना लांजीच्या एका मिलमध्ये एन्कोडर बसवत होती. जेवणाची सुट्टी झाली, पट्टे थांबले. तिने पडद्यावरच्या मागे सरकणाऱ्या आकड्याकडे पाहिलं आणि हातातला घास खाली ठेवला.

"भाऊ," तिने तिथल्या फोरमनला विचारलं, "इथं खाली कोण होतं?"