नखाखालची काळी रेघ

भांडणाच्या भरात दिवेआगरच्या दादूने दार आपटलं आणि त्याच्या बायकोचा, मनुबाईचा, अंगठा त्यात चेमटला. नख काळंनिळं पडलं. "सुपारी सोलताना लागलं," असं मनुबाईने शेजारपाजारी सांगून टाकलं. दादू महिनाभर तिच्याकडे सरळ बघत नव्हता.

नख वाढलं तसा डाग पुढे सरकला आणि सहा महिन्यांत कापून गेला. मागे एक काळी रेघ तेवढी राहिली, मुळापासून टोकापर्यंत. "जाईल ती पण," मनुबाई म्हणायची. दवाखान्यात गेलं की कसं लागलं ते विचारणार, म्हणून दादूनेही कधी चल म्हटलं नाही. बघता बघता वर्ष गेलं. रेघ रुंदावली, मुळाजवळची कातडीही काळी पडली.

शेवटी माहेरी आलेल्या लेकीने, मानसीने, आईला अलिबागला नेलं. दादूही गेला.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर नखाचं चित्र काढून दाखवलं. "वर दिसतं ते नख निर्जीव असतं, मावशी. ते तयार होतं इथे, मुळाशी, कातडीखाली. नुसतं साकळलेलं रक्त असतं तर नखाबरोबर पुढे जाऊन संपलं असतं. ही रेघ मुळातूनच येतेय. काही मार लागला होता?"

"न्हाय," मनुबाई म्हणाली.

"व्हय," दादू म्हणाला. "मी दार आपटलं होतं. माझ्यामुळंच झालं हे."

मानसीने आईकडे पाहिलं. मनुबाई खाली बघत बसली.

"माराने हे झालं असं नाही म्हणता येणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण फार उशीर केलात."

नखाच्या मुळाचा तुकडा तपासला, त्यात कॅन्सर निघाला. मुंबईला नेऊन अंगठा काढला, तरी काखेत गाठ आलेलीच होती. घरी आल्यावर दादू भात कालवून तिला भरवायचा. एकदा घास गिळून ती म्हणाली, "पोरीसमोर कशाला बोललात? मी झाकलं होतं ना."

"तुला नेलं असतं आधी तर..."

"मलाबी जाता आलं असतं," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

फाल्गुनात मनुबाई गेली. मानसी तेराव्यापर्यंत राहिली, सगळं निगुतीने केलं. बापाला जेवायला वाढत होती, पण त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. निघताना तिने आईची दोन लुगडी पिशवीत भरली आणि त्याच्या समोरून एसटीच्या थांब्याकडे चालत गेली.