आंबवलेली ज्वारी

तेजसच्या कोपराची आतली घडी मी निरखून पाहिली. नखांत माती, बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. पण घडीतली त्वचा सलग, मऊ, एकही लाल ठिपका नाही. माझ्या मयुरीची त्याच जागी दर उन्हाळ्यात खाजवून सालं निघतात.

तेजस माझ्या धाकट्या जावेचा, रूपाचा मुलगा. मुक्ताईनगरकडच्या आमच्या गावी, गोठ्याला लागून असलेल्या घरात वाढलेला. मी जळगावला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. गुराढोरांत वाढलेल्या मुलांना ॲलर्जी कमी होते असं काही अभ्यासांत दिसलंय, हे वर्गात सांगते. कारण पुरतं उलगडलेलं नाही आणि हात धुणं सोडायचं नाही, हेही सांगते. एका पोराच्या कोपरावरून काही सिद्ध होत नाही. तरी ते कोपर माझ्या मुलीचं असायला हवं होतं, असं वाटत राहिलं.

आम्ही बिबडे, म्हणजे आंबवलेल्या ज्वारीचे पापड, करायला आलो होतो. रूपानं आधीच भिजत घातलेल्या ज्वारीवर काल संध्याकाळी फेस दिसला. तो कोणत्या जंतूंचा, हे मला नावानिशी ठाऊक. त्यांच्यामुळेच ज्वारी आंबते. तरीही मी ती फिल्टरच्या पाण्यानं खळखळून धुतली. रूपाच्या घरात एक तरी गोष्ट माझ्या हातची असावी म्हणून.

सकाळी रूपानं झाकण काढून वास घेतला.

"ताई, ज्वारीले आंघोय घातली का वो? सारा आंबटपना गेला!"

"काकू, आई मलापण अशीच धुते," मयुरी म्हणाली. दोघी हसत सुटल्या. मीही हसले.

थोडी ज्वारी रूपानं आधीच दळली होती, म्हणून निभावलं. तिचा घाटा, बिबड्यांचं घट्टसर शिजवलेलं पीठ, चुलीवर तयार झाला. गाय पिळून आलेल्या रूपानं हात नुसत्या पाण्यानं धुतला आणि बोटांवर घाटा घेऊन फुंकर मारली. मयुरीनं सवयीनं दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले, सॅनिटायझरसाठी.

"पोलिसाले दाखवल्यासारखे हात काय दाखवते? आ कर."

मयुरीनं डोळे मिटून आ केला. घरी माझ्या हातचा घास ती आधी हुंगते.

"यंदा तरी राहू द्या ना पोरीले," रूपानं दरवर्षीचंच विचारलं.

माझं दरवर्षीचं 'बघू' ओठांवर आलं. मयुरीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. उत्तर तिला पाठ होतं. ती काकूच्या पदराला तोंड पुसत होती. इथं राहून ती बरी होईलच असं नव्हतं. रूपाची मात्र नक्की होईल, असं मला वाटत होतं.

मी पर्समधून मलमाची ट्यूब काढली आणि रूपाच्या हातात दिली.

"हे रोज झोपताना लावायचं. गोठ्यातून आली की साबणानं हात. दम लागला तर लगेच फोन कर."

"म्हंजे?" रूपा ट्यूबकडे बघत राहिली.

"म्हणजे शाळा उघडेपर्यंत मयुरी तुझ्याकडे राहील."