केमोच्या खोलीतली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी आरामखुर्ची आहे. कर्करोगाच्या रुग्णालयात, खिडकीपाशी माझी जागा होती. सलाइनमधून औषध चढत असताना माणसं माझ्यावर तासन्‌तास पडून राहत. थेंब ठिबकत, पडदा हलत राही आणि त्यांच्याबरोबर माझाही डोळा लागे.

पोहायला शिकवणाऱ्या एक बाई मला विसरता येत नाहीत. त्यांच्या पित्ताच्या नळीतला कर्करोग यकृतात पसरला होता. शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती.

“तीन औषधं एकत्र देऊन बघू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “केमो वाढत्या पेशी मारेल. दुसरं औषध शरीराच्या पहारेकऱ्यांना जागं करेल. गोळ्या गाठीच्या वाढीची वाट अडवतील. गुण येईलच असं नाही. पण त्रास झाला तर लगेच सांगायचं.”

“तिघांनी मिळून एकीला घेरायचं? मग गाठीचं काही खरं नाही!” बाई हसल्या.

त्या झोपल्या की माझ्या रेक्झिनला पाण्याचा भास होई. वाटे, त्या तरंगताहेत आणि मी त्यांच्या पाठीखालचा हात आहे.

पुढे गोळ्यांनी त्यांच्या तळपायांना फोड आले. चालवेना. औषध बंद होईल या धास्तीने त्यांनी मोजे चढवले आणि त्या सगळ्यांना ‘मस्त आहे’ असं सांगू लागल्या. मला कळत होतं, पण खुर्चीला कुठलं तोंड?

एकदा सोबत आलेल्या नवऱ्याने त्यांचा मोजा काढला आणि त्याचा चेहराच उतरला.

“वेडी आहेस का? कुणापासून लपवतेस?”

“तुझ्यापासूनच,” बाई पुटपुटल्या. “तू परत नीट जेवायला लागला होतास रे.”

तो त्यांचा पाय मांडीवर घेऊन बसून राहिला. मग त्यानेच सिस्टरना हाक मारली.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या काही दिवस थांबवल्या, मग कमी करून पुन्हा सुरू केल्या. पुढच्या तपासणीत गाठ आकसलेली दिसली.

“गेलेली नाही हं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण आपल्याला वेळ मिळालाय.”

त्यानंतर माझं रेक्झिन फाटलं. मला व्हरांड्यात काढलं, अंगावर रिकामी खोकी रचली. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहीना.

परवा त्याच बाई औषधाला आल्या. त्यांनी खोकी उतरवली, हाताने धूळ झटकली आणि नवऱ्याला म्हणाल्या, “बस. पाठ टेक जरा.”

त्या आत गेल्या. तो टेकला आणि तोंडावर रुमाल धरून पोटभर रडला.

मित्रांनो, आजारी माणसाला कुठे दुखतंय ते विचारा. आणि त्याच्यासोबत आलेल्यालाही बसायला जागा द्या.